विश्लेषण : थंड प्रदेशातील माणसे वऱ्हाडाच्या उन्हात का येतात? आणि त्यांची मुले पुन्हा थंडीकडे का निघाली?

दिवाळी आटोपली की अमरावती आणि अकोल्यात एखाद्या मोकळ्या मैदानात किंवा रस्त्याच्या कडेला बांबू रोवले जातात, वर ताडपत्री चढते आणि दोन-चार दिवसांत स्वेटर, जॅकेट, मफलर, कानटोप्यांच्या रांगा लागतात. दुकानात बसलेली बाई हिंदीत बोलते, भावात फार घासाघीस करू देत नाही. गिऱ्हाईक तिला सरसकट ‘नेपाळी’ म्हणून मोकळे होते. बहुतेक वेळा ती तिबेटी असते.

वऱ्हाडात थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले जेमतेम सात-आठ आठवडे. पारा १०-१२ अंशांवर आला की शेकोट्या पेटतात, त्याखाली घसरला की बातमी होते. एरवी हा भाग ओळखला जातो तो उन्हासाठी. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने ३१ मेपर्यंत कलम १४४ लागू केले होते. कामाच्या ठिकाणी कामगारांना पिण्याचे पाणी द्या, खासगी शिकवण्या दुपारी घेऊ नका, असे आदेश निघाले होते.

मग हिमालयापलीकडच्या पठारावरची माणसे अशा मुलखात आली कशी आणि राहिली का? थंडी नकोशी झाली म्हणून लोक दक्षिणेकडे सरकतात, हे उत्तर सोपे आहे. वऱ्हाड-विदर्भापुरते तरी ते चुकीचे आहे. इथे आलेल्यांना उबेने बोलावले नव्हते. कुणाला जमिनीने आणले, कुणाला कामाने, कुणाला सरकारी कागदाने.

फरक नेमका किती अंशांचा?

ल्हासा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. अकोल्याची उंची २८० मीटरच्या आसपास, अमरावतीची ३४० मीटरच्या आसपास. हवेचे तापमान उंचीनुसार दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे अक्षांश, वारा, पाऊस हे सगळे बाजूला ठेवले तरी नुसत्या उंचीमुळे ल्हासा आणि अकोला यांच्यात सुमारे २२ अंशांचे अंतर पडते.

शरीराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? स्वस्थ बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता तयार करत असतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. हवा थंड असेल तर ही उष्णता त्वचेवरून आपोआप निघून जाते. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की उलट हवाच शरीराला तापवू लागते. अशा वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. मे महिन्यात वऱ्हाडातली हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतही नाही, तो लगेच वाळतो. याच कोरडेपणावर आपला कूलर चालतो आणि जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर नुसता पंखा होऊन बसतो.

नव्या माणसाला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. म्हणजे थंड भागातून आलेला माणूस उष्णतेत राहूच शकत नाही, असे नाही. पण सुरुवातीच्या दिवसांत सावली, पाणी आणि विश्रांती मिळाली नाही, तर जीव धोक्यात येतो. तिबेटी निर्वासितांना नेमक्या याच तीन गोष्टी मिळाल्या नाहीत.

मग ते दक्षिणेत आले कसे?

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासातून निघाले आणि महिनाअखेरीस भारतात पोहोचले. त्यांच्यामागोमाग सुमारे ८० हजार तिबेटी आले. त्यांना प्रथम आसाममधील मिसामारी आणि पश्चिम बंगालमधील बक्सा येथील छावण्यांत ठेवण्यात आले. लोकरीच्या जाड कपड्यांत आलेली ही माणसे थेट दमट उकाड्यात येऊन पडली. दाटीवाटी, अनोळखी पाणी, अनोळखी जंतू. छावण्यांत आजार पसरले, मृत्यू झाले.

त्यावर सरकारने काढलेला पहिला तोडगा थंडीचाच होता. निर्वासितांना हिमाचल, सिक्कीम, काश्मीर अशा डोंगराळ भागांत रस्तेबांधणीच्या कामावर पाठवण्यात आले. हवा मानवली, पण काम धोक्याचे होते. दरडी कोसळत, सुरुंग उडत. रस्ता जसा पुढे सरके तसा तंबूही पुढे जाई, त्यामुळे मुलांच्या शाळेचा प्रश्नच नव्हता. हिमालयात थांबून शेती करावी, तर तेवढी मोकळी सपाट जमीन तिथे कुणाकडेच नव्हती. होती ती स्थानिकांचीच पोटे भरायला पुरत नव्हती. शिवाय सीमेवर चीनशी तणाव वाढत होता. इतका मोठा निर्वासित समाज सीमेलगत ठेवणे दिल्लीला परवडणारे नव्हते.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी राज्यांकडे जमिनीची विचारणा केली. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे सुमारे ३ हजार एकर जंगलजमीन दिली आणि १९६० च्या अखेरीस तिथे पहिली वसाहत उभी राहू लागली. पुढे ओडिशातील चंद्रगिरी, आजच्या छत्तीसगडमधील मैनपाट, उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड अशा वसाहती झाल्या. नकाशावर हे ठिपके बघितले तर एक गोष्ट लक्षात येते. मैनपाट १ हजार मीटरहून उंच आहे, बैलकुप्पे साधारण ८०० मीटरवर. जिथे जमले तिथे उंची बघितली गेली. जिथे नाही, तिथे जमीन हाच निकष राहिला.

यात तिबेटी नेतृत्वाचाही एक आग्रह होता. लोक चार-चार घरांनी विखुरले तर एका पिढीत भाषा जाईल, म्हणून हजारो लोक एकत्र राहतील अशा मोठ्या वसाहती हव्या होत्या. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी १९६१ मध्ये केंद्र सरकारने स्वतंत्र संस्थाही स्थापन केली. एवढा मोठा सलग तुकडा मिळण्याची शक्यता दक्षिणेतल्या आणि मध्य भारतातल्या जंगलातच होती. दक्षिण निवडली गेली ती अशी.

विदर्भातील वसाहत कुठे आहे?

अमरावतीहून पूर्वेला नागपूर ओलांडून साधारण ३०० किलोमीटर गेले की गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. तिथे गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात नोरग्येलिंग ही महाराष्ट्रातील तिबेटी वसाहत आहे. ती १९७२ मध्ये वसली. तेव्हा गोंदिया स्वतंत्र जिल्हा नव्हता, म्हणून तिबेटी कागदपत्रांत आजही तिची ओळख ‘भंडारा’ अशी आहे.

ते वर्ष लक्षात घेण्यासारखे आहे. १९७२ म्हणजे दुष्काळाचे साल. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदचे, म्हणजे वऱ्हाडातलेच. राज्यभर माणसे खडी फोडायला जात होती आणि त्याच काळात राज्याच्या पूर्व टोकाला, हजारो किलोमीटरवरून आलेल्या लोकांसाठी जंगलातील जमीन तयार होत होती.

आज गावात बौद्ध मठ आहे, वाऱ्यावर फडफडणाऱ्या रंगीत प्रार्थना-पताका आहेत. चहूबाजूंनी धानाची शेती आणि नवेगावचे जंगल. नवेगावबांध बघायला जाणारे पर्यटक वाट वाकडी करून इथे डोकावतात, फोटो काढतात आणि निघतात. फोटोत न येणारी गोष्ट अशी की यातले ज्येष्ठ लोक ज्या शेतीतून आले होते, तिचा या शेतीशी काही संबंध नव्हता. पठारावर ते सातू पिकवत, याक आणि मेंढ्या पाळत. (भाजलेल्या सातूचे पीठ लोण्याच्या चहात कालवून खाणे हा तिथला रोजचा आहार. आपल्याकडचे सातूचे पीठ गव्हाचे आणि डाळव्याचे असते, पण भाजून दळायचे आणि कालवून खायचे, ही युक्ती एकच.) इथे त्यांना गुडघाभर चिखलात उभे राहून रोवणी शिकावी लागली, तीही जुलैच्या दमट उकाड्यात, जिथे घाम वाळत नाही.

उन्हाने खरोखर माणसे मेली का?

दक्षिणेतील वसाहतींच्या पहिल्या वर्षांच्या आठवणी उन्हाच्या, धुळीच्या आणि जंगल जाळून जमीन मोकळी करण्याच्या आहेत. वर सूर्य आणि खाली पेटलेले रान. पण सगळा दोष तापमानावर टाकणे बरोबर ठरणार नाही.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून तिबेटी लोकांमधील एका जनुकाचे वैशिष्ट्य समोर आले. विरळ हवेत गेले की इतरांच्या शरीरात तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त घट्ट होते. ‘ईपीएएस१’ या जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे तिबेटींमध्ये तसे होत नाही. हजारो वर्षांच्या निवासातून आलेली ही देणगी उंचावर उपयोगी पडते. सखल भागात आल्यावर ती निरुपयोगी ठरते, पण अपायकारक ठरत नाही.

अपाय झाला तो क्षयरोगाने, दूषित पाण्याने, दाटीवाटीने आणि अपुऱ्या अन्नाने. विरळ वस्तीत राहिलेल्या समाजाला अनेक संसर्गांची ओळखच नव्हती. वसाहती स्थिरावल्यावरही क्षयरोगाचे प्रमाण तिबेटी समाजात जास्तच राहिले, शाळांची वसतिगृहे आणि मठांमध्ये विशेष. ऊन ही त्या संकटाची एक बाजू होती. मेळघाटातील बालमृत्यूंचे खापर पावसावर फोडण्याइतकेच तिबेटींच्या मृत्यूंचे खापर उन्हावर फोडणे सोयीचे आहे.

थंडीच्या देशातील माणसे गरम गावात ऊब कशी विकू लागली?

नोरग्येलिंगसारख्या ठिकाणी धानाचे एक पीक निघते. दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी होते आणि पुढचे काही महिने हात रिकामे राहतात. कुटुंब वाढले, जमीन तेवढीच राहिली. हा प्रश्न देशभरातील सगळ्याच शेतीप्रधान तिबेटी वसाहतींचा होता आणि त्याचे उत्तर सगळ्यांना एकच सापडले, हिवाळ्यात स्वेटर विकणे.

सुरुवातीच्या काळात हाताने विणलेले स्वेटर विकले जात. नंतर माल पंजाबातील लुधियानाहून येऊ लागला. तिथल्या कारखानदारांनी तिबेटी विक्रेत्यांना उधारीवर माल दिला आणि हंगाम संपल्यावर पैसे चुकते करण्याची पद्धत रुजली. ज्यांच्याकडे तारण ठेवायला स्वतःची जमीन नाही आणि ज्यांना बँकेतून कर्ज मिळणे अवघड, अशांसाठी ही उधारी हेच भांडवल. ऑक्टोबरमध्ये माल भरायचा, वेगवेगळ्या शहरांत पांगायचे, जानेवारीअखेरीपर्यंत विकायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, घरी परतायचे. कित्येक कुटुंबांचे वर्षभराचे उत्पन्न या तीन-साडेतीन महिन्यांत ठरते.

अमरावती-अकोल्यासारखी गावे या व्यापाराला सोयीची का पडली, हेही समजून घेतले पाहिजे. उत्तर भारतात थंडी कडक असते, पण तिथे लोकरीच्या कपड्यांची दुकाने बारमाही असतात. कोकण किनाऱ्यावर स्वेटरची गरजच पडत नाही. वऱ्हाडात थंडी पडते, पण इतकी थोडी की स्थानिक दुकानदाराला वर्षभर लोकरीचा माल भरून ठेवणे परवडत नाही. ही मधली फट तिबेटींनी भरली. वऱ्हाडी माणसाची थंडी सहन करण्याची ताकदही (खरे तर तिचा अभाव) या धंद्याच्या पथ्यावर पडली. १४ अंशांना आपण कानटोपी घालतो.

पण याच फटीत धोका आहे. डिसेंबर ढगाळ गेला, थंडी लांबली की माल पडून राहतो. उधारी मात्र ठरल्या वेळी द्यावी लागते. वऱ्हाडातला शेतकरी पावसाकडे जसा बघतो, तसा हा विक्रेता थंडीकडे बघतो. त्यात मॉल आले, मोबाइलवरून घरपोच जॅकेट मिळू लागले आणि तिबेटी बाजाराच्या शेजारीच तशाच मालाची इतरांचीही दुकाने लागू लागली.

फक्त तिबेटीच येतात का?

अमरावती-अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा अनेकांनी पाहिला आहे. महिनाअखेरीस तो दारोदारी जाऊन ठरलेले पैसे मागतो. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या देशात राहण्याची, काम आणि व्यापार करण्याची मुभा मिळाली. त्यामुळे नेपाळी माणसाला व्हिसा लागत नाही. पश्चिम नेपाळच्या डोंगरात कापणी झाल्यावर शेतात काम नसते, घरातले धान्य पुरत नाही, म्हणून पुरुष खाली उतरतात आणि रोवणीच्या वेळी परत जातात. काही जण मग परत जात नाहीत. काश्मिरी शालवाल्यांचेही गणित असेच. २१ डिसेंबरपासून ४० दिवस ‘चिल्लई कलान’ची कडक थंडी पडते, त्या काळात खोऱ्यात काम कमी आणि मैदानी भागात शालीला मागणी.

यात थंडीचा हात आहेच, पण तो आडवळणाने. थंडी माणसाला हाकलत नाही, ती त्याचे काम बंद करते. काम बंद झाले की माणूस निघतो.

हे पटत नसेल तर उत्तरेकडे फार लांब जायची गरज नाही. चिखलदरा १,१०० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात तिथला पारा अमरावतीपेक्षा बराच खाली असतो. दिवाळीनंतर चिखलदरा आणि धारणी तालुक्यांतील कोरकू कुटुंबे डोंगर उतरून सपाटीवर येतात. नकाशावर पाहिले तर हेही थंड भागातून उबदार भागाकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे होणारे स्थलांतरच. पण कोरकू माणसाला विचारले तर तो थंडीचे नाव घेणार नाही. मेळघाटातील शेती पावसावरची, बहुतेक ठिकाणी एकच पीक, गावात रोजगार नाही, रोजगार हमीची कामे निघाली तरी मजुरी वेळेत मिळेलच याची खात्री नाही. म्हणून कापूस वेचायला, हरभरा-तूर काढायला, वीटभट्ट्यांवर ते येतात. होळीला मात्र काहीही करून गावी परततात.

या येण्या-जाण्याची किंमत मुले चुकवतात. आईवडिलांसोबत भट्टीवर आलेल्या मुलाची शाळा सुटते, गावातल्या अंगणवाडीतला आहार सुटतो, लसीकरणाची तारीख चुकते. मेळघाटातील कुपोषणाची चर्चा दर पावसाळ्यात होते. त्याचे एक मूळ हिवाळ्यातल्या या स्थलांतरात आहे, त्याकडे फारसे लक्ष जात नाही.

वऱ्हाडात याआधी थंड देशांतून कोणी आले होते?

आले होते, आणि तेही उन्हासाठी नव्हे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार ब्रिटिशांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव कडाडले. वऱ्हाडातून जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या रेल्वेफाट्याचे उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रॅली ब्रदर्स आणि स्विस कंपनी वोल्कार्ट ब्रदर्स यांच्यासारखे परदेशी खरेदीदार इथल्या बाजारांत उतरले. इंग्लंड-स्वित्झर्लंडच्या थंडीतून माणसे वऱ्हाडच्या उन्हात आली ती सरकीतल्या पांढऱ्या सोन्यासाठी.

आणि ऊन असह्य झाले की हेच साहेब चिखलदऱ्याला चढत. म्हणजे पोटासाठी खाली आणि हवेसाठी वर. हवेसाठी जागा बदलणे ही तेव्हाही ज्यांच्याकडे पैसा आणि सत्ता आहे त्यांची सोय होती. जम्मू-काश्मीरचा ‘दरबार मूव्ह’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. १८७२ मध्ये महाराजा रणबीरसिंह यांच्या काळात सुरू झालेल्या या प्रथेनुसार सरकारी कार्यालये हिवाळ्यात श्रीनगरहून जम्मूला हलत. २०२१ मध्ये ती बंद झाली होती.

जगात कुणीच उबेसाठी गाव सोडत नाही?

सोडतात. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून फ्लोरिडा, अ‍ॅरिझोना, टेक्सासकडे जाणाऱ्यांचा ओघ गेली सत्तर वर्षे चालू आहे. १९५० मध्ये फ्लोरिडाची लोकसंख्या २८ लाखांच्या आत होती, २०२० मध्ये ती २ कोटी १५ लाखांवर गेली. बर्फ उपसून थकलेले निवृत्त लोक तिकडे जातात, ब्रिटनमधले पेन्शनर स्पेनच्या किनाऱ्यावर जातात. यामागे आरोग्याचे कारणही आहे. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १३ देशांच्या अभ्यासात ७ टक्क्यांहून अधिक मृत्यूंचा संबंध थंडीशी आढळला, तर उष्णतेशी अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. त्यात कडाक्याच्या थंडीपेक्षा सौम्य थंडीचा वाटा मोठा होता.

पण हा ओघ वाढला तो एअर कंडिशनर घराघरांत पोहोचल्यावर. १९०२ मध्ये विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कमधील एका छापखान्यासाठी तयार केलेले यंत्र पुढे घरात आले नसते, तर फ्लोरिडाच्या उन्हाळ्यात एवढी माणसे राहिली असती का, हा प्रश्नच आहे. कमी कर, स्वस्त घरे आणि नव्या नोकऱ्या ही कारणेही जोडीला होतीच. ज्याचे पेन्शन दरमहा खात्यात जमा होते, त्याला हवामान निवडता येते. स्वेटर विकणाऱ्या बाईला आणि वीटभट्टीवरच्या कोरकू जोडप्याला ती निवड नसते.

भारतात हे मोजले जाते का?

थेट नाही. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणे नोंदवताना काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतरचे स्थलांतर, कुटुंबासोबतचे स्थलांतर आणि इतर असे रकाने होते. थंडी, ऊन किंवा दुष्काळ यांचा स्वतंत्र रकाना नव्हता. शिवाय दिवाळीला निघून होळीला परतणारा माणूस बऱ्याचदा मोजणीत ‘स्थलांतरित’ म्हणून येतच नाही. मोजणीच्या दिवशी तो जिथे सापडेल आणि जे सांगेल त्यावर सगळे अवलंबून.

एके ठिकाणी मात्र सरकार थंडीची दखल घेते. आगामी जनगणनेसाठी देशभर १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरवण्यात आली आहे. लडाख तसेच जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडमधील बर्फाच्छादित भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ आहे. बर्फ पडायच्या आत तिथली मोजणी उरकायची, हा त्यामागचा हिशेब.

मग तिबेटींची पुढची पिढी कुठे चालली आहे?

थंडीकडे. आणि याही वेळी कारण थंडी नाही.

निर्वासित म्हणून नोंद असलेल्या तिबेटी माणसाला भारतात राहण्यासाठी नोंदणी प्रमाणपत्र लागते आणि त्याचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते. वसाहतीची जमीन त्याच्या मालकीची नसते. ती विकता येत नाही, तिच्यावर सहजी कर्ज मिळत नाही. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी जन्माने भारतीय नागरिक ठरतात, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. पण पुढे भारतीय पासपोर्ट घेताना निर्वासिताची कागदपत्रे परत करा, वसाहतीतील हक्क सोडा, अशा अटी समोर आल्या. त्यामुळे अनेक कुटुंबांत प्रश्न असा पडतो, की पासपोर्टसाठी घर सोडायचे की घरासाठी पासपोर्ट. १९८७ नंतर जन्मलेल्यांना तर हा पर्यायही तितका सरळ नाही.

बाहेर जाण्याची वाट जुनी आहे. स्वित्झर्लंडने १९६३ मध्ये एक हजार तिबेटींना घेण्याचे ठरवले होते. अमेरिकेने १९९० च्या कायद्यानुसार एक हजार व्हिसा दिले. त्यांनी आपली कुटुंबे बोलावली, ओळखीतून इतर गेले आणि न्यूयॉर्क, मिनियापोलिस येथे वस्त्या झाल्या. पुढे कॅनडानेही अरुणाचल प्रदेशातील एक हजार तिबेटींसाठी दार उघडले. आज टोरंटोत मोठा तिबेटी समाज आहे, पॅरिसमध्येही आहे.

निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या घटत गेली. दक्षिणेतील वसाहतींत शाळांचे वर्ग रिकामे होत आहेत, घरी आजी-आजोबा आणि मुलांनी परदेशातून पाठवलेले पैसे. धानाची शेती अनेक ठिकाणी स्थानिक मजुरांच्या किंवा कसणाऱ्यांच्या हातात गेली आहे.

वऱ्हाडातल्या घरांना हे चित्र अपरिचित नाही. अमरावतीचा इंजिनीअर आधी पुण्याला जातो, मग जर्मनी किंवा कॅनडाला. ४५ अंशांतून निघून तो उणे २० अंशांत जातो आणि आईला व्हिडीओ कॉलवर बर्फ दाखवतो. त्याला थंडी आवडते म्हणून तो गेलेला नसतो. जाण्याआधी त्याची आई त्याच्यासाठी जाड स्वेटर घेते, कदाचित त्याच ताडपत्रीखालच्या दुकानातून. दुकानातल्या बाईचा मुलगाही बहुधा त्याच वाटेवर असतो. फरक इतकाच की एकाच्या बॅगेत पासपोर्ट असतो आणि दुसऱ्याचे कागद अजून कुठल्या तरी टेबलावर असतात.